कुरणाच्या कागदावरची सही

इथली माणसं माफी फार मागतात. बसमध्ये मी एकाच्या पायावर पाय दिला, तर तोच मला सॉरी म्हणाला. दुकानात कुणी आडवं आलं की सॉरी, नाही आलं तरी सॉरी. पहिल्या वर्षी मला वाटलं, किती मऊ माणसं आहेत ही. आता सातवं वर्ष आहे. हा शब्द म्हणजे दारातलं पायपुसणं आहे, एवढं मला कळलं आहे. त्यावर पाय घासायचे आणि आपल्याला जिथे जायचं तिथे जायचं.

मी चौथी शिकलेली बाई. चारचौघांत माझं तोंड उघडत नाही, इंग्रजीत तर नाहीच. पण समजतं बरंचसं. न बोलणाऱ्या बाईसमोर लोक भिंतीसमोर बोलावं तसं बोलतात, त्यामुळे माझ्या मुलाला या वसाहतीबद्दल जेवढं कळतं त्याहून जास्त मला कळतं. मुलगा लिक्सलिप नावाच्या गावात कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात इंजिनियर आहे, आम्ही तिथून थोडं पुढे राहतो. सून घरी बसून कंपनीचं काम करते. नात बारा वर्षांची. माझे मालक गेल्यावर मुलाने मला इकडे आणलं, तेव्हापासून नातीला शाळेत सोडणं आणि आणणं माझ्याकडे.

आमच्या घराबद्दल एक गोष्ट मुलगा इथे कुणाला सांगत नाही. इंग्रजांच्या वेळी सरकारने काही जाती कायदा करून गुन्हेगार ठरवल्या होत्या. त्या जातीत पोर जन्मलं की ते जन्मापासून चोर. दात यायच्या आधी चोर. आमची जात त्यांतली. स्वातंत्र्यानंतर तो कायदा रद्द झाला, पण ते आमच्या गावच्या हवालदाराला कुणी कळवलं नसावं. मुलाने कॉलेजात असतानाच आडनाव बदलून गावावरून घेतलं. इथल्या मराठी लोकांच्या गणपतीत कुणी "मूळचे कुठले तुम्ही?" म्हणालं की तो जिल्हा सांगतो आणि लगेच हवेबद्दल बोलायला लागतो. या देशात हवेबद्दल बोलायला कधी कमी पडत नाही, तेवढी त्याची सोय झाली आहे. सुनेला माहीत आहे. तिच्या आईवडिलांना नाही. नातीलाही या ऑक्टोबरापर्यंत माहीत नव्हतं.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी मी घरात एकटी होते आणि बेल वाजली. सून दंतवैद्याकडे गेली होती. दारात चार घरं सोडून राहणारी बाई उभी. ही आमच्या वसाहतीच्या कमिटीची अध्यक्ष. गळ्यात मोत्यांची माळ, पायात चिखलाचे बूट, आणि हातात चिमटा लावलेली फळी. फळीवर कागद. ती हसून भरभर बोलत होती. मागचं कुरण, मुलं, रस्ता, आपण सगळे, असे शब्द मला ऐकू आले. मग तिने पेन पुढे केला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

मी सही केली. मराठीत, माझं पूर्ण नाव, जसं मी शाळेत शिकले तसं.

"किती सुंदर अक्षर!" ती म्हणाली आणि पुढच्या घरी गेली.

कागदावर काय आहे ते मी विचारलं नाही. इंग्रजी कळत नव्हतं म्हणून नाही. फळीवरचा कागद आणि पुढे केलेला पेन दिसला की माझे कानच बंद होतात. माझ्या लहानपणी कायदा गेला होता, तरी माझे वडील रोज संध्याकाळी चौकीत हजेरी द्यायला जायचे, कारण जो जात नसे त्याला गावात काही हरवलं की आधी उचलत. वडिलांचा अंगठा असायचा. मी चौथीत गेले तेव्हा हवालदाराला माझी गंमत वाटायला लागली.

"ए शिकलेली, ये इकडे. बापाचा अंगठा नको. तू कर सही."

मी करायचे. तो वही दुसऱ्या शिपायाला दाखवायचा.

"बघ रे, चोराच्या पोरीचं अक्षर बघ. आपल्या साहेबापेक्षा बरं आहे."

दोघं हसायचे. वडीलही हसायचे, हसायलाच पाहिजे होतं. वाटेत मला सांगायचे, "कागद पुढे आला की विचारायचं नाही. सही करायची आणि घरी यायचं. विचारलं की ते बसवून ठेवतात." या शिकवणीने आमच्या दोन पिढ्या जगल्या. त्या सकाळी सही करून मी दार लावलं तेव्हा मला चक्क हलकं वाटलं. चला, झाली हजेरी. एवढी वर्षं झाली, एवढा समुद्र ओलांडला, आणि एका मोत्यांच्या माळेपुढे माझा हात हवालदाराच्या वहीत गेला. दुसऱ्यांना नावं ठेवायच्या आधी हे लिहून ठेवते, कारण सगळ्यात जास्त तिरस्कार मला त्या सकाळच्या माझ्या हाताचा आला आहे.

त्याच महिन्यात नातीच्या वर्गाची वादविवाद स्पर्धा होती. विषय असा, की ऑस्ट्रेलियातल्या मूळच्या लोकांना तिथल्या सरकारांनी पूर्वी जसं वागवलं, तशा वागण्याबद्दल सरकारांनी माफी मागावी की नाही. बाजू चिठ्ठ्या टाकून ठरल्या. नातीला आली माफी मागावी ही बाजू. ती स्वयंपाकघरात उभी राहून भाषण पाठ करायची आणि मी मटार सोलत ऐकायचे. ती इंग्रजीत बोलते, मी मराठीत, आमचं बरं चालतं. इथे सगळंच मराठीत लिहिते.

भाषण चांगलं होतं. त्यांच्या जमिनी घेतल्या. त्यांना कुंपणात ठेवलं. त्यांची पोरं आयांपासून तोडून दूर नेली, त्यांची नावं बदलली, त्यांना स्वतःची बोली बोलायची बंदी केली, आणि हे सगळं त्यांच्या भल्यासाठी आहे असं सांगितलं. माझ्या हातातल्या शेंगा थांबल्या.

"आजी, रडू आलं का तुला?" नातीने विचारलं.

"नाही."

"यायला पाहिजे. टीचर म्हणाली, इथे लोक रडले तर आपण जिंकतो."

मी शेंगा सोलायला लागले. आयांपासून तोडलेली पोरं स्पर्धा जिंकायच्या कामाला आली होती. पोरीचा दोष नव्हता. तिला तसंच शिकवलं होतं.

शाळेच्या फाटकापाशी आणायला येणाऱ्या बायांचा एक घोळका असतो. मी त्यात नसते. मी भिंतीजवळ उभी राहते. त्याच भिंतीजवळ आणखी एक बाई उभी असायची, माझ्याच वयाची, कानात मोठ्या सोन्याच्या रिंगा. तिची नात माझ्या नातीच्या वर्गात. घोळका तिच्याकडे पाठ करून उभा राहायचा. मी लाजरी म्हणून भिंतीजवळ, आणि तिला भिंतीजवळ ठेवलेलं.

ती इथल्या फिरत्या लोकांतली. त्यांना ट्रॅव्हलर म्हणतात. ते या देशाचेच, रंगाने गोरे, देवही तोच. पूर्वी घोडे आणि गाड्या घेऊन गावोगाव फिरायचे, पत्र्याची भांडी सांधायचे. आता बरेचसे घरांत राहतात, काही रस्त्याकडेला कॅरव्हॅनमध्ये. आमच्याकडे पालं असायची, इथे त्याला चाकं असतात, एवढाच फरक. बाकी मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. ती दुकानात शिरली की गार्ड कसा सरळ होतो, ते मी एकदा पाहिलं आणि मला सगळं समजलं.

त्या दुकानातच आमची ओळख झाली. मला एक सवय आहे. दुकानातून बाहेर पडताना मी पिशवी उघडून, पावती वर ठेवून, गार्डला दाखवते. कुणी मागत नाही. वडिलांनी सांगितलेलं, मागायच्या आधी दाखवायचं. मुलगा याला फार लाजतो. "आई, इथे तसं नसतं," म्हणतो. त्या दिवशी रिंगावाली बाई माझ्या पुढे होती आणि गार्ड तिच्या मागे मागे चालला होता. तो दाराशी आला, तशी मी सवयीने माझी पिशवी उघडून त्याच्यासमोर धरली. आत बटाटे आणि एक दुधाचा डबा.

ती वळली आणि मोठ्याने हसली. "अगं बाई, तुला कुणी विचारलं? तो माझ्यासाठी आलाय. माझी जागा घेऊ नकोस."

गार्ड लाल झाला. सॉरी म्हणाला, कुणाला ते देव जाणे.

तेव्हापासून भिंतीजवळ आम्ही दोन-चार शब्द बोलायला लागलो. बोलायची तीच, मी मान हलवायची. तिची लेक तीन पोरं घेऊन गावाबाहेर रस्त्याकडेला कॅरव्हॅनमध्ये राहत होती. पाणी लांबून डब्यांनी आणायचं. धाकट्याची छाती सारखी भरायची. पण आता कौन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका, तुमच्या घरांमागच्या कुरणात ट्रॅव्हलर लोकांसाठी सहा घरं बांधणार आहे, असं ती म्हणाली. त्यातलं एक लेकीला मिळेल. "हिवाळ्याच्या आत नाही होणार," म्हणाली, "पण पुढच्या हिवाळ्यात ती पोरं भिंतींच्या आत असतील."

मी मान हलवली. कुरण हा शब्द मी कुठेतरी नुकताच ऐकलाय, एवढं मनात आलं. पुढे काही आलं नाही. किंवा मी येऊ दिलं नाही.

स्पर्धा चर्चच्या हॉलमध्ये, दुपारी चार वाजता झाली. मुलगा कामावरून लवकर आला होता. परीक्षक दोन, एक जुना मास्तर आणि दुसरी आमची मोत्यांची माळ. नातीने भाषण छान केलं. पोरं तोडून नेल्याच्या ठिकाणी ती थांबली, टीचरने शिकवलं होतं तशी, आणि हॉलमध्ये रुमाल निघाले. मोत्यांच्या माळेने तर चष्मा काढून डोळे पुसले.

विरुद्ध बाजूची चिठ्ठी रिंगावालीच्या नातीला आली होती. बारीक, तांबड्या केसांची पोर. तिला सांगायचं होतं की सरकारने माफी मागू नये. तिच्या हातात कागद नव्हता.

"माझा भाऊ मला ढकलतो," ती म्हणाली. "आई त्याला सांगते, सॉरी म्हण. तो म्हणतो. मग परत ढकलतो. आता तर तो ढकलायच्या आधीच सॉरी म्हणून घेतो. म्हणून माझं म्हणणं आहे, सरकारने सॉरी म्हणू नये. आधी ढकलणं थांबवावं आणि मग किती दिवस थांबवलंय ते आम्ही मोजू."

हॉल हसला, भावाच्या गोष्टीला. मी हसले नाही, कारण त्या हॉलमध्ये तेवढंच एक भाषण झालं होतं. बाकीची पाठांतरं होती, माझ्या नातीचं धरून.

माझी नात जिंकली. मोत्यांच्या माळेने उभं राहून सांगितलं, की माणसं माणसांशी इतकी वाईट वागली याची तिला आज खोल लाज वाटते, आणि मुलांनी आपल्या सगळ्यांचे डोळे उघडले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ऑस्ट्रेलिया इथून किती लांब आहे ते मला नकाशात नातीने दाखवलं होतं. एवढ्या लांबची लाज बाळगायला काहीच त्रास नाही.

मग चहा आणि बिस्किटं. कप हातात येतात न येतात तोच फळी आली. तीच, चिमट्याची. मोत्यांची माळ ती घेऊन एकेका आईबापाकडे जाऊ लागली. डोळ्यांखाली पुसलेलं काजळ अजून तसंच होतं.

"कुरणाबद्दल," ती सांगत होती. "आमचा त्या लोकांना विरोध नाही हं. फक्त ती जागा योग्य नाही. पाण्याचा निचरा नाही, वाहतूक वाढेल. कौन्सिलला उद्या द्यायचंय."

माझ्या मुलाने कप खिडकीत ठेवला आणि सही केली. वाचलंही नाही. तोही माझाच मुलगा.

मग ती माझ्याकडे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आजींनी तर केव्हाच केली. पहिल्या पानावर! बघा, किती सुंदर अक्षर." आणि तिने कागद उलटून दाखवला.

कोटांच्या खुंट्यांपाशी रिंगावाली तिच्या नातीच्या कोटाची बटणं लावत होती. तिने कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पोरीचा हात धरला आणि ती निघून गेली.

घरी आल्यावर मी मुलाला म्हटलं, "माझं नाव त्या कागदावरून काढून दे."

"का?"

"मला माहीत नव्हतं ते काय आहे."

"आता कळलं ना? मग राहू दे. सगळ्यांनीच केलीय सही, आई. आपण बाहेरचे. जे सगळे करतात ते करायचं आणि गप राहायचं."

"तिच्या लेकीला घर मिळणार आहे तिथे."

"कुणाच्या? आई, ते लोक कसे असतात तुला माहीत नाही."

"कसे असतात?"

"चोऱ्या करतात. घाण करतात. सगळे म्हणतात."

"तुझ्या आजोबांबद्दलही सगळे म्हणायचे."

सुनेने उठून स्वयंपाकघराचं दार लावलं, नातीला ऐकू जाऊ नये म्हणून. मुलगा हळू आवाजात म्हणाला, "म्हणूनच. म्हणूनच सांगतोय. आपलं नाव कुठेच यायला नको. तुला कळत कसं नाही?"

कळत होतं. हा पोरगा दहावीच्या अभ्यासाला बसायचा तेव्हा दिवा आणि दार यांच्या मधे मी बसायचे, शिपाई आले तर त्याच्या आधी मी दिसावी म्हणून. त्याच्या भीतीला मी हसणार नाही. पण भीती वाटते म्हणून आपणच आपल्या पंक्तीतून उठायचं आणि दुसऱ्यांना उठवणाऱ्यांत जाऊन बसायचं, याची मला शिसारी आली. माझ्या वडिलांनी चौकीत खोटं हसू आणलं, पण दुसऱ्या कुणाचं नाव हवालदाराला दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटी मोत्यांच्या माळेच्या दारात गेले. एक वाक्य पाठ केलं होतं. माझं नाव काढा.

"ओह, सॉरी," ती म्हणाली. "खूप खूप सॉरी. सगळी पानं आजच सकाळी दिली. काळजी करू नका, सगळं ठीक आहे. एकेकाचं नाव कोण वाचतं?"

"मी वाचते," असं मला म्हणायचं होतं. मी थँक्यू म्हटलं आणि घरी आले. थँक्यू! मी पण इथलीच झाले म्हणायची.

चार दिवस मी नातीला आणायला फाटकाच्या दुसऱ्या बाजूने गेले. पाचव्या दिवशी भिंतीजवळ गेले. रिंगावाली तिथेच होती.

"मी सही केली," मी म्हटलं. "न वाचता केली. सॉरी."

"माहीत आहे," ती म्हणाली. "त्या सगळ्या सह्यांत एक रेघेला टांगलेली होती, दोरीवर कपडे वाळत घातल्यासारखी. तुझीच ना?"

"हो."

"हे बघ बाई, सॉरी ठेवायला माझ्याकडे जागा नाही. माझ्या लेकीकडे तर त्याहून नाही. जा आणि ती काढ."

"काढता येत नाही म्हणतात."

"कोण म्हणतं?"

मी मोत्यांच्या माळेकडे बोट केलं, ती घोळक्यात उभी होती.

"तिला विचारायला गेलीस?" रिंगावालीने माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी परत पिशवी उघडून दाखवत होते. "कौन्सिलला लिही. तुला लिहिता येतं ना? मला नाही येत."

इंग्रजीत मलाही येत नव्हतं. शनिवारी मुलगा आणि सून बाजारात गेली तेव्हा मी नातीला टेबलाशी बसवलं. म्हटलं, "पत्र लिही. मी सांगते तसं." आधी तिने माझं नाव, पत्ता लिहिला. कुरणातल्या घरांविरुद्ध मी सही केली होती, ती न वाचता केली होती, ती रद्द करावी, ती घरं व्हावीत असं माझं म्हणणं आहे.

"कारण लिहावं लागेल, आजी. नुसतं म्हणणं चालत नाही. टीचर म्हणते कारण पाहिजे."

मग मी कारण सांगितलं. मराठीत सांगत गेले आणि ती इंग्रजीत लिहीत गेली. आमची जात कागदावर चोर होती. माझे आजी-आजोबा तारेच्या कुंपणातल्या वस्तीत राहत, बाहेर जायला चिठ्ठी लागे. माझ्या वडिलांची थोरली बहीण सात वर्षांची होती तेव्हा तिला बोर्डिंगात नेलं. आई चोर आहे, तिच्याजवळ पोर बिघडेल, म्हणून. आठ वर्षांनी ती परत आली तेव्हा तिला घरची बोली येत नव्हती. ती मराठी बोलायची, माझ्या आजीला मराठी जेमतेम. आईशी बोलायला तिला माझे वडील मधे लागायचे. म्हातारपणापर्यंत त्या मायलेकींनी एकमेकींना कधी सरळ काही सांगितलं नाही.

नातीचा पेन थांबला. "हे माझ्या भाषणातलं आहे," ती म्हणाली. "हे ऑस्ट्रेलियातलं आहे."

"नाही. आपल्या घरातलं आहे."

तिने लिहिलेलं पहिल्यापासून वाचलं. मग म्हणाली, "बाबांना माहीत आहे?"

"आहे."

"मग मी भाषण केलं तेव्हा ते काहीच का नाही बोलले?"

"त्यांनी टाळ्या वाजवल्या," मी म्हटलं.

"आपली कुणी माफी मागितली?"

"नाही."

"मागायला पाहिजे?"

मला हा प्रश्न आयुष्यात कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, "मागावी. सरकार आहे, मागायलाच पाहिजे, आणि लवकर मागावी. पण ही सरकारं माणसं मरायची वाट बघत थांबतात. माझी आजी मेली, आत्या मेली, वडील मेले. मेलेली माणसं नको म्हणत नाहीत, ती सॉरी ठेवायला जागा नाही असं सांगत नाहीत. म्हणून सरकारांना मेलेल्यांची माफी मागायला आवडतं. जिवंत माणसाकडे जायला मला चार दिवस लागले, आणि मी काही सरकार नाही."

तिने हेही पत्रात घातलं. मी सांगितलं नव्हतं. पत्राखाली मी सही केली, आधी तिच्याकडून सगळं पत्र मराठीत दोनदा समजून घेऊन.

सोमवारी शाळा सुटल्यावर आम्ही दोघी बसने कौन्सिलच्या कचेरीत गेलो. खिडकीतल्या मुलाने पत्र वाचलं. अर्धं वाचून त्याने वर बघितलं, पुन्हा खाली बघून उरलेलं वाचलं. मग तो नातीला म्हणाला, की पहिली सही काढता येत नाही, दाखल झालेला कागद तसाच राहतो. हे पत्र वेगळं म्हणून दाखल होईल. आणि आलेली पत्रं सगळ्यांना वाचायला कौन्सिलच्या वेबसाइटवर ठेवतात, चालेल का?

नातीने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्याने शिक्का मारला.

आठवड्यानंतर मुलाला ते तिथे दिसलं. जातीचं नाव पूर्ण लिहिलेलं, खाली माझी सही. त्याने मला लॅपटॉपवर दाखवलं, आवाज चढवला नाही. "ऑफिसातला एखादा मराठी माणूस वाचेल, आई. एकाने वाचलं की सगळ्यांना कळेल."

"कळेल."

"तुला काहीच वाटत नाही?"

"वाटतं. तुझी सही पण तिथे आहे. तिच्याखाली कारण काही लिहिलेलं नाही."

तो उठून गेला. दोन आठवडे माझ्याशी कामापुरतं बोलला. मोत्यांची माळ आता रस्त्यात मला बघून फोन कानाला लावते. सॉरीसुद्धा म्हणत नाही, हे बरं झालं. कुरणाचा निकाल अजून लागलेला नाही. काय लागेल ते मला माहीत नाही, आणि शंभर सह्यांपुढे माझ्या एका पत्राला कोण विचारतं तेही माहीत नाही.

काल भिंतीजवळ रिंगावालीने विचारलं, "निघाली का सही?"

"नाही. पहिली तशीच आहे. दुसरी वेगळी लागली."

"म्हणजे दोन्ही राहणार."

"हो."

तिने फाटकाकडे बघितलं. मग म्हणाली, "राहू देत. पहिली पुसली असती तर तू विसरली असतीस." पोरी बाहेर आल्या तेव्हा ती तिच्या नातीला घेऊन गेली, मी माझ्या नातीला.